निरंक असल्यास तसे कळवावे

सरकारी पत्राच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं: ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ म्हणजे सांगण्यासारखं काही नसेल, तर काही नाही हेसुद्धा लेखी सांगा. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी आधी शिक्षक होतो, नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा, झालो, आणि निवृत्तीपर्यंत हे वाक्य केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर किती वेळा टाकलं याची मोजदाद माझ्याकडे नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात व्यवस्थेवर टीका आहे. ती व्यवस्था मीही होतो, एवढं आधीच सांगून टाकतो.

माझ्या केंद्रातल्या एका द्विशिक्षकी शाळेत एकदा चौथीची मुलं भांडत होती. दिवाळीनंतर गावच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, यावरून. एक म्हणे दोन हात, दुसरा म्हणे चांगलं पुरुषभर. मॅडमनी भांडण मिटवलं नाही. त्यांनी एक लांब दोरी आणली, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि गावातली दोन मोठी माणसं सोबत घेऊन दर शुक्रवारी मुलांना विहिरीवर न्यायला सुरुवात केली. वजाबाकी, मीटर-सेंटिमीटर, आलेख, परिसर अभ्यास, सगळं त्या एका दोरीला लटकलं होतं. कोणत्याच हस्तपुस्तिकेत हे नव्हतं. पाचव्या की सहाव्या शुक्रवारी पावणेबाराला माझा फोन गेला: “मॅडम, शौचालयांची माहिती बारापर्यंत वर द्यायची आहे, तुमच्या एकट्याच शाळेची राहिलीये.” मुलं अर्ध्यातून परतली. पुढचे दोन आठवडे आधारशी न जुळणारी नावं दुरुस्त करण्यात गेले, मग कसल्याशा सप्ताहाचे फोटो आले, आणि दोरी कपाटात गेली. फेब्रुवारीत मीच त्यांना म्हणालो, मॅडम, तुमचा तो विहिरीचा उपक्रम नवोपक्रम स्पर्धेला पाठवा की, अहवाल आणि फोटो लागतील फक्त. त्या म्हणाल्या, “सर, फोटोपुरतं परत करू का?”

तेव्हा मी हसलो होतो. आज त्या वाक्यावर हा सगळा लेख उभा आहे.

आपल्याकडे समज असा, की सर्जनशीलता हा माणसाचा गुण आहे. काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो. ज्यांच्यात नसतो त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, ज्यांच्यात असतो त्यांना पाच सप्टेंबरला शाल-श्रीफळ द्यायचं. दोन्ही करून झालं की शिक्षक काही नवं करत नाहीत म्हणून कपाळावर आठी. माझं म्हणणं वेगळं आहे. शिंपी जसं कापड बेततो तसं प्रत्येक नोकरीतलं काम कोणीतरी बेतलेलं असतं: कुठे कापायचं, कोणता तुकडा कोणाच्या हातात द्यायचा, कोणत्या टाक्याला विचारून हात लावायचा. माणूस कामात जीव ओततो की पाट्या टाकतो, हे बरंचसं या बेतणीवर ठरतं. स्वभाव, संस्कार, पगार हे सगळं आहेच, पण बेतणी चुकली तर त्यातलं काहीच पुरत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हातात घड्याळ घेऊन कारखान्यात उभा राहिला आणि त्याने या बेतणीचं शास्त्र केलं. डोक्याचं जेवढं काम कारखान्याच्या फरशीवरून उचलता येईल तेवढं उचलून नियोजन खात्यात न्यावं, असं त्याने १९०३ सालीच लिहून ठेवलं होतं. विचार करणारे वेगळे, हात चालवणारे वेगळे. आज आपल्याला ही कल्पना क्रूर वाटते, पण शासकीय आदेशांची फाइल चाळली तर टेलर साहेब अजून कामावर आहेत असं वाटावं. आपल्याकडच्या गिरण्यांनीही तो अनुभव घेतला आहे. मुंबईत १९२८ साली सहा महिने जो संप चालला त्याच्या मुळाशी मजुरीबरोबरच कामाची नवी बेतणी होती. दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या विणकराने आता तीन चालवावेत, हे साचेखात्याला न विचारता ठरलं होतं.

याच्या उलट गोष्ट अहमदाबादची. ती महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही, खरं तर १९५३ साली अहमदाबाद मुंबई राज्यातच होतं. माणसं आणि त्यांचं काम यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतला ए. के. राइस नावाचा संशोधक तिथल्या कॅलिको मिलमध्ये आला. मिलने स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन आणि कापडाचा दर्जा म्हणावा तसा वाढत नव्हता. २२४ मागांच्या त्या खात्यात काम १२ प्रकारांत कापलेलं होतं. विणकर निराळा, बॉबिनी भरणारा निराळा, मोठी तूट सांधणारा निराळा, तेल घालणारा निराळा, झाडणारा निराळा. शिवाय प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला येणारी मागांची संख्याही वेगळी. त्यामुळे अमुक माग अमुक माणसांचे, असं तिथे काही नव्हतंच. धागा तुटायचा, माग थांबायचा, आणि तो थांबला याचं वाईट वाटण्याइतका तो कोणाचाच नव्हता.

राइसने सुचवलेला उपाय ऐकायला साधा आहे. ठरावीक माग एका लहान गटाच्या ताब्यात द्या आणि त्या मागांवरचं सगळं काम त्या गटाचं माना. कल्पना चर्चेला निघाली आणि कामगारांनी, देखरेख करणाऱ्यांनी ती हातातून ओढूनच घेतली. गट कसे पाडायचे, कोण कोणाबरोबर, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. सुरुवातीला अडचणी आल्या. मग घडी बसली, उत्पादन वाढलं, खराब निघणारं कापड कमी झालं. माणसं तीच, माग तेच. बदलली ती फक्त कापायची जागा.

पुढे १९७६ साली रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोघांनी सात संस्थांतल्या ६२ प्रकारच्या कामांवरची ६५८ माणसं तपासून हीच गोष्ट जरा नीट मांडली. काम मन धरून ठेवतं ते पाच गोष्टींमुळे, असं त्यांचं म्हणणं. कामात वेगवेगळी कौशल्यं लागावीत. काम पुरतं असावं, सुरुवात ते शेवट डोळ्यांना दिसावा. त्याने कोणाचं तरी काही भलं व्हावं. कसं करायचं ते करणाऱ्याने ठरवावं. आणि जमलं की नाही हे त्याला कामातूनच कळावं, साहेबाच्या शेऱ्याची वाट बघायला लागू नये.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात आलं, ही तर पहिलीच्या वर्गाची गोष्ट आहे. जूनमध्ये रडत आलेलं पोर मार्चमध्ये दुकानाची पाटी वाचतं. ते वाचायला लागतं तो क्षण शिक्षकाला समोर दिसतो, त्यासाठी कुठलं मूल्यमापन लागत नाही. गोष्ट सांगायची, गाणं म्हणायचं, मातीची चित्रं करायची, आई-बापाशी बोलायचं. जगात इतकी भरलेली नोकरी दुसरी कुठली असेल? कारखानदारांना पन्नास वर्षं डोकं खाजवून जे काम बेतावं लागलं ते गुरुजींच्या पदरात आपसूक पडलेलं आहे. इथे नवं काही बेतायची गरजच नाही. गरज आहे ती कात्री बाजूला ठेवायची.

आणि कात्री कशी चालते ते बघा. परिपाठ संपतो न संपतो तोच गटावर संदेश येतो. पोषण आहाराची रोजची नोंद ॲपवर. यू-डायस प्लस आणि सरल ही शाळेच्या-मुलांच्या माहितीची पोर्टलं, मुलांचे अपार आयडी. एक गूगल फॉर्म, मग तीच माहिती एक्सेलमध्ये, मग त्याच एक्सेलची सही-शिक्क्याची पीडीएफ. झाडं लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, शपथ घेतल्याचा फोटो. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकही शिक्षक आणि लिपिकही शिक्षकच. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत, इयत्ता मात्र चार. एक गुरुजी मोबाइल घेऊन रेंज शोधत टाकीपाशी उभे राहिले की चारही वर्ग दुसऱ्याकडे. २०१६च्या नोव्हेंबरात तर दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढून सरलवर चढवावी, असा आदेश निघाला होता. ओरड झाली आणि तो बारगळला. पण तो काढताना कोणाच्या तरी डोळ्यांसमोर शिक्षकाच्या सोमवारचं काय चित्र असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

यातलं एकेक काम पाच मिनिटांचंच असतं. वरच्या कार्यालयातून नेहमी हेच ऐकायला मिळतं, आणि मीही तेच म्हणायचो: पाच मिनिटांचं तर काम आहे, मॅडम. पण प्रश्न पाच मिनिटांचा नाही. ती पाच मिनिटं कधी येतील ते ठाऊक नसतं, त्याचा आहे. गणिताच्या तासाला मुलाने काहीतरी अचाट उत्तर दिलं आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते शोधायचं, तर त्याला सलग वेळ लागतो आणि मन मोकळं लागतं. टेरेसा अमाबिले या हार्वर्डच्या प्राध्यापक. त्यांनी सात कंपन्यांतल्या २३८ माणसांच्या रोजनिशीच्या जवळपास १२ हजार नोंदी गोळा केल्या आणि दोन गोष्टी पुढे आणल्या. माणसाचा दिवस चांगला जातो तो मुख्यतः आपल्याला अर्थपूर्ण वाटणारं काम थोडं पुढे सरकलं म्हणून. आणि ज्या दिवशी घाई असते, शिवाय ती घाई दहा दिशांनी ओढणारी असते, त्या दिवशी नवं काही सुचत नाही. घाई असूनही एकाच कामात डोकं घालून बसता आलं, तर सुचतं. माझ्या केंद्रातल्या कुठल्याही मॅडमनी रोजनिशी लिहिली असती तर निष्कर्ष हाच निघाला असता. पण त्यांच्या वह्यांत रोजच्या पाठाचं टाचण असतं आणि ते आम्ही तपासतो.

इथे शिक्षक संघटनांशी माझा मतभेद आहे. ‘अशैक्षणिक कामे बंद करा’ ही मागणी मी ऐन उमेदीत मोर्चात उभा राहून ओरडलो आहे. मागणी खोटी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. निवडणुकीचं कामही सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून कामांची शैक्षणिक, अशैक्षणिक अशी वर्गवारीही केली. पण या वर्गवारीने शिक्षकाचा दिवस सुटला का? माझ्या मते नाही, कारण त्याला कापणारी बहुतेक कामं कागदावर ‘शैक्षणिक’च आहेत. विद्यार्थ्यांची माहिती शैक्षणिक, चाचणीचे गुण ॲपवर भरणं शैक्षणिक, वाचन उत्सवाचे फोटो शैक्षणिक. विहिरीवरून मुलांना परत आणणारा माझा फोनसुद्धा शाळेच्याच शौचालयांबद्दल होता.

उलट जनगणनेचं बघा. ते काम अशैक्षणिक यात वाद नाही आणि त्रासाचंही आहे. तरी २०११च्या जनगणनेच्या आठवणी शिक्षक ज्या सुरात सांगतात तो सूर लिंक भरण्याच्या तक्रारीचा नसतो. अमुक वस्ती माझी होती, इतकी घरं होती, एका म्हातारीने स्वतःचं वय ‘मोठ्या दुष्काळात मी पाळण्यात’ असं सांगितलं, शेवटी गठ्ठा बांधून दिला आणि मोकळा झालो. कामाला सुरुवात होती, शेवट होता, हद्द होती, ते कशासाठी आहे हे कळत होतं. आता २०२७च्या जनगणनेचं काम येतं आहे, तेव्हाही हेच होईल असा माझा अंदाज आहे. शैक्षणिक की अशैक्षणिक हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा: काम अख्खं दिलं आहे की त्याचा तुकडा फेकला आहे?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९६८ साली कंटाळवाण्या कामात आणखी एक कंटाळवाणं काम घालून त्याला कामाचा विस्तार म्हणणाऱ्यांची टर उडवली होती. हे म्हणजे शून्यात शून्य मिळवणं, असं तो म्हणाला. आमच्या भाषेत निरंक अधिक निरंक. त्याचंच दुसरं एक म्हणणं मला जास्त पटतं: पगार, सोयी, साहेबाची वागणूक यांनी नाराजी घटते, पण नाराजी घटणं म्हणजे कामात गोडी येणं नव्हे, ती वेगळ्या झऱ्यातून येते. गावच्या पारावर ‘एवढा सातव्या आयोगाचा पगार घेता की’ हा टोमणा प्रत्येक गुरुजीने ऐकलेला आहे. पगार बरा आहे, हे खरंच आहे. (शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं महिना १६ हजारांत काढणाऱ्या पोरांना मात्र हे सांगायला जाऊ नका. तिथे पहिला झराच आटलेला आहे.) पण चांगल्या पगारावर पाट्या टाकणारा माणूस बघून लोक त्याला आळशी ठरवतात. त्याच्या हातात नक्की कोणतं काम दिलंय, ते कोणी उघडून बघत नाही.

आता आपल्याच राज्याचा एक चांगला अनुभव, कारण सगळं वाईटच होतं असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका प्रशासकीय गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलून दाखवले. मुलं गटात बसून वस्तू हाताळत, आपसात बोलत शिकायला लागली. लिहायचे फळे मुलांच्या उंचीवर आले, जमिनीवर संख्यारेषा आल्या, पट्ट्या-काड्या-खडे आले. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला जायला लागल्या. आम्हीही वर्गणी काढून गेलो होतो. परतीच्या प्रवासात पहाटेपर्यंत कोणी झोपलं नाही, आपल्या वर्गात काय करता येईल यावर नुसती झुंबड. माझ्या नोकरीतली ती सगळ्यांत चांगली रात्र.

२२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे आणि त्याची जबाबदारी शाळेची, हा त्याचा गाभा चांगला होता, आजही मला तसंच वाटतं. मग प्रगत शाळेचे २५ निकष आले. मग तालुक्या-तालुक्यात चौकशी सुरू झाली, किती शाळा प्रगत? किती वर्ग रचनावादी? आणि रचनावादी वर्ग ओळखायचा कसा, तर रंगवलेल्या फरशीवरून. रंगाऱ्यांची चलती झाली. शाळेमागून शाळा फरशा रंगवत गेल्या. काही ठिकाणी त्या फरशीवर मुलं बसायची नाहीत, रंग जाईल म्हणून. कुमठ्याच्या शिक्षकाने संख्यारेषा काढली होती ती त्याच्या वर्गातल्या मुलांची अडचण बघून. आमच्या शाळेत ती आली ती तपासणीच्या आधी. रेषा तीच, रंगही तोच असेल. पण पहिल्या ठिकाणी ती कोणाला तरी सुचली होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती कोणीतरी सांगितली होती. सुचलेल्या गोष्टीची नक्कल करता येते, पण सुचण्याची नक्कल आदेशाने होत नाही. ते व्हायचं तर वरच्याने शिक्षकाचा वेळ आणि निर्णय त्याच्याकडे सोडावा लागतो, आणि सोडण्याचा अहवाल देता येत नाही, ही वरच्याची पंचाईत.

गणवेशाचं तर बेतणीच्या बाबतीत अक्षरशः उदाहरण झालं. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती गावात किंवा बाजारच्या गावी शिंपी गाठून मापं घेऊन मुलांचे कपडे शिवून घ्यायची. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. कापड वरून, शिलाईची व्यवस्था वरून. अर्धं वर्ष उलटलं तरी काही शाळांत गणवेश नव्हते, आले ते कोणाला ढगळ, कोणाला तोकडे. डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय फिरवून खरेदी परत समित्यांकडे दिली गेली. चड्डीचं माप मंत्रालयातून घेता येत नाही, हे उमगायला एक शैक्षणिक वर्ष लागलं. वर्गातल्या मुलाच्या आकलनाचं माप तिथून घेता येत नाही, हे उमगायला किती लागतील?

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो मी बैठकांत स्वतः मांडला आहे. शिक्षकांना मोकळं सोडलं तर निम्मे झोपतील. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचे अहवाल २००५पासून सांगताहेत की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. मग माहिती मागायची नाही तर काय आरती ओवाळायची? आक्षेप पोकळ नाही. न शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. एकाला मी तीन वर्षं सरळ करायचा प्रयत्न केला आणि हरलो. तो प्रत्येक लिंक सगळ्यांच्या आधी भरायचा. त्याची टाचण वही केंद्रात नमुना म्हणून दाखवावी अशी होती. कामचुकार माणसाला आपण उभारलेलं हे कागदी कुंपण अजिबात आड येत नाही, ते त्याला आसरा देतं. अडतो तो विहिरीवर गेलेला.

अहमदाबादच्या गटांचंही मोजमाप होत होतं. किती कापड निघालं, त्यातलं किती खराब, हे रोज कळत होतं. पण ते कळायचं गटाला, लगेच, आणि ते बघून गट उद्याची कामाची रीत बदलू शकत होता. आमच्या शाळांतून जी माहिती वर जाते तिच्यातली किती परत खाली येते? पहिलीच्या मुलांचे गुण ॲपवर भरल्यावर ‘तुमच्या वर्गातल्या सात मुलांना जोडाक्षरं अडताहेत, हे करून बघा’ असं सांगणारा माणूस त्या मॅडमकडे कधी गेला का? केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं ते शाळांना शैक्षणिक मदत व्हावी म्हणून. मी त्या पदावर डाकिया होतो. वरून आलेलं खाली, खालून आलेलं वर.

एक कबुली मात्र द्यायला हवी. स्वातंत्र्य प्रत्येकाला हवंच असतं असं नाही, हॅकमन-ओल्डहॅमनीही तसं म्हटलेलं नाही. वीस वर्षं आदेशावर चाललेल्या माणसाला ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं की तो घाबरतो, ‘सर, पत्र काढा ना तसं’ म्हणतो. आणि मिळालेलं स्वातंत्र्य टिकतंच असंही नाही. कॅलिको मिलमध्ये १९७०च्या सुमारास पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा काही खात्यांत गटपद्धत शाबूत होती, काही ठिकाणी सगळं जुन्या वळणावर गेलं होतं. रोजच्या दडपणाखाली बेतणी हळूहळू विसविशीत होते. तिच्यावर कोणीतरी राखण ठेवावी लागते, आणि ती राखण हेच मधल्या अधिकाऱ्याचं काम आहे असं मला आता वाटतं.

करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कोणत्याही कार्यालयाने शिक्षकाकडे माहिती मागू नये, जीवितहानीचा प्रसंग सोडून. याला एक पैसा लागत नाही. जी माहिती यू-डायसमध्ये आहे ती दुसऱ्या नमुन्यात मागणाऱ्याला ती तिथून घ्यायला सांगावं. प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्यावा. याला पैसे लागतील, पण शिक्षकाच्या पगारात डेटा एंट्री करून घेणं स्वस्त आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गुणाकार करून बघावा. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास लिहिले आहेत ते ‘पूर्वतयारीसह’. पूर्वतयारीचे तास वेळापत्रकात छापलेली एक तरी शाळा मला दाखवा. दोरीला गाठी मारायला वेळ लागतो, आणि तो कायद्याने दिलेला आहे, वर फुकट मागितलेला नाही. शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं, लहान शाळेला ते १० हजारांच्या घरात असतं. त्यातला निम्मा भाग तरी विटेचं आणि फिनेलचं नाव न घालता, ‘वर्गासाठी, शिक्षकाच्या मर्जीने’ एवढ्याच शीर्षाखाली सोडून बघावा. काही पैसे वाया जातील. आज जे रंगात गेले ते तरी कुठे कारणी लागले?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी एक प्रयोग केला. परवानगी घेतली नाही, दिली गेली नसती. केंद्रातल्या सगळ्या शाळांची माहिती मी जूनमध्ये प्रत्येक शाळेत एक दिवस बसून स्वतःच्या एका जाड रजिस्टरमध्ये उतरवून घेतली: पट, जातवार पट, खोल्या, नळ, शौचालयं, बाकं, तुटलेली बाकं, सगळं. त्यानंतर वरून काहीही मागणी आली की आधी रजिस्टर उघडायचो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असायचं. नसलं तर संध्याकाळी साडेपाचनंतर फोन करायचो. आणि ज्या पत्रांच्या शेवटी ते वाक्य असायचं, त्यांना शाळांकडून काही कळलेलं नसेल तर मीच सगळ्या केंद्राच्या वतीने ‘निरंक’ लिहून पाठवायचो. वर्षभर. बाकी वेळात वर्गात मागे जाऊन बसायचो. त्या मॅडमच्या शाळेतही बसलो, त्यांनी कपाटातून दोरी काढली होती, नव्या चौथीला गाठी मोजायला लावत होत्या.

मार्चअखेर मी वाट बघत होतो की निदान एक फोन येईल, अमुक तारखेचा निरंक अहवाल आपण कशाच्या आधारे दिला म्हणून. आला नाही.